कबुतरवाल्याच्या घरातली मांजर

"टोपलीत काय आहे, उख्ती?" बयूमीनं जिना चढता चढता थोरल्या बहिणीला विचारलं.

जिन्यातला दिवा गेला होता. पुढे बयूमी, डोक्यावर बहिणीची पत्र्याची पेटी. मागे इन्साफ, आणि तिच्या कुशीत खजुरीच्या पातीची, झाकण दोरीनं आवळलेली टोपली.

"गाडीतच खाल्लं मी," इन्साफ म्हणाली. "उकडलेली अंडी होती."

"अंड्यांचं नाही विचारलं. टोपलीत हलतंय ते काय?"

"नको नको, मी चढते हळूहळू. तू पेटी सांभाळ."

बयूमी पुढची पायरी चढला. बहिणीचा हा स्वभाव त्याला लहानपणापासून ठाऊक होता. जे ऐकायचं नसेल ते तिच्या कानाला शिवतसुद्धा नसे. आता तर वयानं साठी गाठली होती, नवरा वारला होता आणि मूलबाळ नव्हतं. महल्ला शहरातल्या कापडगिरणीची खोली सोडून ती कायमची धाकट्या भावाकडे राहायला आली होती. पहिल्याच दिवशी वाद नको, असं म्हणून त्यानं पेटी चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवली.

खोलीत उजेडात इन्साफनं दोरी सोडली. झाकण हललं आणि आतून एक चंदेरी मांजर बाहेर आली. अंगभर काळे ठिपके, कुणीतरी कणकेवर मूठभर काळे तीळ उधळावेत तसे. कपाळावर काळ्या रेघा, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून गालावर ओढलेलं काजळ, आणि डोळे आवळ्यासारखे हिरवेगार. मागचे पाय पुढच्यांपेक्षा उंच, त्यामुळे ती टाचा उचलून चालल्यासारखी वाटत होती. तिनं बयूमीकडे एकदाच पाहिलं आणि दुसऱ्या क्षणी ती कपाटावर होती. मधला प्रवास बयूमीला दिसलाच नाही.

"तू मांजर आणलीस," तो म्हणाला. "माझ्या घरी."

इन्साफ त्याच्या तोंडाकडेच बघत होती. "सिमसिमा तिचं नाव. तिळासारखी आहे ना, म्हणून."

"नाव विचारलं नाही मी. वर गच्चीवर माझी कबुतरं आहेत, उख्ती. अख्ख्या बुलाक वस्तीला ठाऊक आहे."

"मग तिला वर नेऊ नकोस," इन्साफ म्हणाली आणि पेटी उघडू लागली.

बयूमी कपडे पायानं इस्त्री करणारा कारागीर. तळमजल्यावर त्याचं दुकान होतं. जमिनीलगतचा लाकडी फळा, त्यावर पसरलेला झगा, आणि लांब दांड्याची लोखंडी इस्त्री. इस्त्रीवरच्या लाकडी ठोकळ्यावर एक पाय रोवायचा, दांडा हातात धरायचा आणि सगळ्या अंगाचा भार टाकत ती फिरवायची. तोंडात पाणी धरून असा फवारा मारायचा की थेंब दिसू नये, नुसतं धुकं उतरावं. असं एका पायावर त्याचं आयुष्य गेलं होतं. दुपार कलली की तो दुकानाला फळी लावून गच्चीवर जायचा. तिथं त्यानं स्वतः ठोकलेला, निळा-लाल रंग दिलेला कबुतरखाना होता. खाली माणसांचे कपडे आणि वर कबुतरं, यापलीकडे त्याला काही लागत नसे. तरुणपणी एकदा लग्न ठरलं होतं. पण कबुतरवाला दुसऱ्यांची पाखरं पळवतो, त्याची साक्ष काझीसुद्धा घेत नाही, मग पोरगी कशी द्यायची, असं म्हणून मुलीच्या बापानं ते मोडलं. बयूमीनं त्या दिवशीही संध्याकाळी कबुतरं उडवली होती.

इन्साफचं आयुष्य गिरणीत, यंत्रमागांपुढे गेलं. तिचा नवरा शहाता त्याच गिरणीत कापसाच्या गोदामावर होता. गोदामात उंदीर मारायला मांजरी ठेवलेल्या असत, त्यातलीच एक सिमसिमाची आजी. ती कापसाच्या गाड्यांबरोबर उत्तरेकडच्या दलदलीच्या गावांतून आली होती म्हणे. बाकीच्या मांजरी कुणीही फेकलेला तुकडा खात. हे ठिपक्यांचं घराणं मात्र शहाताखेरीज कुणाच्या हातून खायचं नाही. शहाता गेला तेव्हा सिमसिमा आपणहून इन्साफच्या खोलीत आली, आणि ते नातं तिथंच ठरलं.

बुलाकमध्ये ती तशीच राहिली. घरात परकं माणूस आलं की ती खाटेखाली, ते गेल्याशिवाय बाहेर नाही. इन्साफ बाजारातून आली की मात्र दारात उभी. शेपटी ताठ, तिचं टोक थरथरतंय, पुढचे पाय जागच्या जागी पीठ तुडवल्यासारखे हलतायत आणि गळ्यातून कबुतरासारखा घुमणारा आवाज. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा बयूमी हातातली रोटी टाकून खिडकीशी धावला. त्याला वाटलं, एखादं कबुतर चुकून आत शिरलं.

"ही माझ्या पाखरांची नक्कल करते," तो म्हणाला. "चोराचा डाव आहे हा."

इन्साफ मांजरीसाठी फार काही करत नसे, पण जे करी ते चुकवत नसे. जुम्म्याच्या दिवशी हात ओला करून डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवायचा, म्हणजे सुटलेले केस हाताला येतात. अंघोळ कधीही नाही. पाण्याचं भांडं जेवणाच्या ताटलीपासून दूर. आणि खोलीत भांडं आपटायचं नाही. "तिचे कान तिला दुखतात," इन्साफ सांगे. "आपल्याला जिन्यात पाऊल वाजलेलं कळायच्या आधी तिला ते रस्त्यात कळतं."

हिवाळा सुरू झाला. या जातीला थंडी सोसत नाही. एका सकाळी बयूमीनं चादरींची गरम चळत बाजूला ठेवली आणि वळून पाहतो तर चळतीवर सिमसिमा. तिनं त्याच्याकडे पाहिलं, डोळे अर्धे मिटले आणि पंजे पोटाखाली घेतले. त्यानं इस्त्री थांबवली नाही. हाकललंही नाही. मग ते रोजचंच झालं. गिऱ्हाइकं यायच्या आधी ती खाली यायची, गरम कपड्यांवर बसायची, आणि पहिलं गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाशी दिसलं की वर पळायची.

तक्रार आली ती दुसऱ्या मजल्यावरच्या रमजीची. तो पुराणवस्तूंच्या संग्रहालयात पहारेकरी होता.

"उस्ता, माझ्या गणवेशावर चंदेरी केस कुठून येतात? काल साहेब विचारत होता, ममीला मिठी मारलीस का म्हणून."

"मांजरीचे आहेत. बहिणीच्या."

"ती ठिपक्यांची? अरे, तिला नीट वागव. थडग्यांच्या भिंतींवर तिच्या खापरपणज्या रंगवल्यात. एक मालकिणीच्या खुर्चीखाली बसून मासा खातेय. तुझा-माझा आजा कुठल्या भिंतीवर आहे का?"

"माझा आजा मासा विकत आणायचा."

"आणि एक चित्र आहे," रमजी म्हणाला, "मालक होडीतून शिकारीला निघालाय, आणि ही बोरूच्या बेटात उडी मारून पाखरं धरतेय. एक तोंडात, एक पुढच्या पंजात, एक मागच्या."

बयूमीचा पाय इस्त्रीवर थांबला. "पाखरं?"

"मी चित्रातलं सांगतोय," रमजी घाईघाईनं म्हणाला.

त्या दिवसापासून बयूमीनं गच्चीच्या दाराला दुहेरी कडी लावली. पण कडी लावणारा माणूसच असतो. वसंतातल्या एका संध्याकाळी कबुतरं उतरत असताना कडी राहून गेली. थव्याच्या पुढे नेहमीप्रमाणे अरूसा होती. पांढरी, काळ्या शेपटीची मादी, तिच्या मागोमाग सगळा थवा वळायचा. ती कठड्याकडे झुकली आणि कठड्यामागून काहीतरी चंदेरी हवेत उठलं. बयूमीच्या हातातला, थव्याला खूण करायचा झेंडा तसाच राहिला.

तो ओरडला नाही. मांजरीनं अरूसाला खाल्लंही नाही. तिनं तिला तोंडात धरून खाली नेलं आणि इन्साफच्या खाटेपाशी ठेवलं.

"कडी तुझी राहिली," इन्साफ म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "पण जीव गेला. मी तिला बांधून ठेवीन."

"कुणाकुणाला बांधशील? थडग्यातल्यांनाही बांधणार?" तो म्हणाला आणि पिसं गोळा करायला वर गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी इन्साफ भाजीला गेली असताना त्यानं चादरींना इस्त्री केली आणि गरम गठ्ठा फळ्यावर मोकळा ठेवला. सिमसिमा आली. आपणहून गठ्ठ्याच्या घडीत शिरली. बयूमीनं चारी टोकं उचलली आणि गाठ मारली. मांजर धडपडली नाही. ऊब होती, ओळखीचा हात होता. पुलावरून नदीपार इंबाबाला जाईपर्यंत त्याच्या पाठीवर ती घुमत होती, आणि ते त्याला पाठीच्या कण्यात लागत होतं. मासळीच्या टपऱ्यांपाशी त्यानं गाठ सोडली. मनाशी म्हणाला, इथं हिची उपासमार होणार नाही. मग चादरी काखेत मारून तो झपाझप परत फिरला.

"मांजरी जातात कुठंतरी," त्यानं बहिणीला सांगितलं. "वसंत आहे. येईल."

इन्साफनं जिना पाहिला, गच्ची पाहिली, गल्ली पाहिली. रडली नाही. फक्त रोज तिची ताटली धुऊन पालथी घालत राहिली.

त्यानंतर घरात विचित्र गोष्टी होऊ लागल्या. आजवर बयूमी वरच्या पायरीवर पोचायच्या आत दार उघडलेलं असे. तो मनात म्हणे, म्हातारीचे कान तिखट आहेत. आता त्याला दार ठोठावावं लागे, एकदा, दोनदा, शेजारी बाहेर येईपर्यंत. आणि ती दार उघडे तीसुद्धा योगायोगानं, केर टाकायला म्हणून.

एका दुपारी दार उघडलंच नाही. आतून जळकट वास येत होता. बयूमीनं खांद्यानं धक्का दिला, तेव्हा जुनी कडी निखळली. शेगडीवर मुलुखियाच्या पालेभाजीचं भांडं करपून काळं झालं होतं आणि त्यावरचं झाकण खडखडत होतं. इन्साफ खिडकीशी पाठमोरी बसून त्याचा सदरा शिवत होती.

"उख्ती!"

ती शिवत राहिली.

त्यानं शेगडी बंद केली. भांडं मोरीत टाकलं, मोठा आवाज झाला. तिची सुई चालूच. मग तो हळूच फिरून तिच्यासमोर आला. ती इतकी दचकली की सुई बोटात रुतली.

तिनं त्याचा चेहरा पाहिला, मोरीतला धूर पाहिला, मोडलेली कडी पाहिली. मग सुई काढून सदऱ्यात टोचून ठेवली.

"केव्हापासून?" बयूमीनं विचारलं.

"गिरणीत सगळ्यांचंच जातं. मागांचा आवाज असतोच तेवढा. आम्ही बाया तिथं ओठांवरूनच बोलायचो. थोडं थोडं करत गेलं. शहाता होता तेव्हाच सगळं गेलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू ठेवून घेतलं असतंसच. पण मोठ्यानं बोलला असतास." ती थोडं थांबली. "बहिऱ्याशी माणसं मोठ्यानं बोलतात ना, तेव्हा त्यांचे चेहरे रागावल्यासारखे होतात. आवाज मला येत नाही, पण राग दिसतो. उरलेलं आयुष्य मला तुझा चेहरा तसा बघायचा नव्हता."

बयूमी जमिनीवर बसला. जिन्यातली अंडी त्याला आठवली. त्यानं हट्ट समजून मनात धरलेल्या किती गोष्टी होत्या.

"आणि दार?"

"सिमसिमा सांगायची. खाटेखाली गेली की कुणी परकं. दारापाशी जाऊन शेपटी हलवायला लागली की तू. दूध उतू चाललं की शेगडीकडे कान करायची. मी तिच्याकडे बघून घर चालवत होते."

मग बयूमीनं मान वर केली, तिला ओठ नीट दिसतील अशी, आणि सांगितलं, "मी तिला नदीपार सोडून आलो."

इन्साफनं त्याच्याकडे पाहिलं. उठून खुंटीवरची काळी शाल घेतली.

"पलीकडं कुठं?" एवढंच तिनं विचारलं.

पुलावर वारा होता. निम्मा पूल होईपर्यंत ती पुढेच चालत होती. मग थांबून म्हणाली, "त्या दिवशी मी भाजी घेऊन परतताना तू चादरी पोचवायला निघालेला दिसलास, आणि चादरी घेऊनच परत आलास. मला वाटलंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझंही पाखरू गेलं होतं."

मासळीच्या टपऱ्यांपाशी मांजरींची जत्रा भरली होती. पिवळ्या, काळ्या, लंगड्या, एककानी. तळणाऱ्या बाईचं नाव उम्म दहब, अंगानं तिच्या कढईसारखीच ऐसपैस.

"मांजर हरवली?" ती म्हणाली. "घे की, हाज. हवी ती घे. दोन घेतल्यास एक मासाही देईन."

"ठिपक्यांची होती. चंदेरी. हिरवे डोळे."

"ती होय? ती शेखसाहेबाची मुलगी?" उम्म दहब हसली. "आठवडा झाला, बर्फाच्या खोलीच्या पत्र्यावर बसलीय. मी माशाचं डोकं फेकलं तर माझ्याकडे अशी बघते, जणू मीच तिच्या घरात भीक मागायला आले. सगळी गेली की खाली उतरून खाते. माझा नवरासुद्धा असाच आहे, पण तो दिसायलाही बरा नाही."

बयूमीनं पत्र्याकडे पाहिलं. वर कुणीच नव्हतं. "बिस, बिस, बिस," त्यानं हाक दिली. दहा मांजरी धावत आल्या, हवी ती सोडून.

"तुझ्या हाकेला ती कशाला येईल?" इन्साफ म्हणाली.

ती टपऱ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बयूमीला ठाऊक होतं, ती नेहमी हळू बोलते, शब्द तोलून. आपला आवाज आपल्याला कळत नाही, म्हणून कुणाला तो वेडावाकडा ऐकू जाऊ नये यासाठी ती तो दाबून ठेवत आली होती, हे त्याला आता उमगत होतं. तिनं शालीची टोकं हातात घट्ट धरली, श्वास घेतला आणि हाक मारली.

ती गिरणीतली हाक होती. शंभर मागांच्या वर चढवलेली, उंच, फाटकी. गिऱ्हाइकांचे घास तोंडापाशी थांबले. एक गाढव दचकून बाजूला झालं. कुणीतरी हसलं, आणि उम्म दहबनं झारा उगारून त्याला गप्प केलं. इन्साफला यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. तिनं पुन्हा हाक मारली. पुन्हा एकदा.

बर्फाच्या खोलीमागून सिमसिमा निघाली. एवढ्या परक्या माणसांतून, पोट जमिनीला घासत, कान मागे टाकून. शेवटचं अंतर तिनं असं कापलं की ती दिसली ती थेट इन्साफच्या शालीतच. इन्साफनं तळहात तिच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. घुमणं तिच्या हाताला ऐकू येत होतं.

"माझ्याही नवऱ्याला तू एकदा हाक मारून बघ, हाज्जा," उम्म दहब म्हणाली आणि तळलेले दोन मासे कागदात बांधून तिच्या हातात दिले. पैसे घेतले नाहीत.

परत येताना पुलावर सिमसिमानं बयूमीकडे पाहिलं नाही. ती बरेच दिवस दुकानातही आली नाही. बयूमीनं मनाला लावून घेतलं नाही, रमजीपाशी एवढंच म्हणाला, "तिचं बरोबर आहे." त्यानं जिन्याच्या दाराला आणि कबुतरखान्याला बारीक जाळी ठोकली, मधे मोकळी जागा सोडून दोन दारं केली, खांबांना पत्रा गुंडाळला. जुम्म्याला हात ओला करून तो मांजरीसमोर बसायचा. पहिल्या खेपांना तिनं तोंड फिरवलं. पुढं केव्हातरी, थंडी परत आल्यावर, ती त्याच्या हाताखालून एकदा सरळ निघून गेली, आणि मागे वळून दुसऱ्यांदा आली. रमजीच्या गणवेशावर पुन्हा केस दिसू लागले.

"साहेबाला काय सांगू आता?" त्यानं विचारलं.

"सांग, भिंतीवरची खाली उतरलीय," बयूमी म्हणाला.

संध्याकाळी आता दोघंही गच्चीवर जात. थवा वळला, कुणाचं चुकार कबुतर आपल्यात आलं, कोण मागे पडलं, हे सगळं बयूमी बहिणीकडे तोंड करून सांगे, मोठ्यानं नाही, नुसतं सावकाश. त्यामुळे आभाळाकडे बघायचं त्याचं राहून जाई. मग तीच बोट दाखवून सांगे, "अरे, तिकडं बघ, तुझी निघाली." जिन्याच्या दारामागे सिमसिमा जाळीतून पाखरांकडे बघत दात वाजवत बसलेली असे.

इन्साफ काही हिवाळे तशी जगली आणि एका हिवाळ्यात, दुपारच्या झोपेत, गेली. सिमसिमा त्या दिवशी खाटेखाली गेली नाही. परकी माणसं आली, बायका आल्या, कुराण वाचणारा आला, तरी ती इन्साफच्या उशाशी बसून राहिली, बयूमीनं उचलून घेईपर्यंत.

बयूमीचं दुकान अजून चालतं. नवी गिऱ्हाइकं थोडी बुचकळ्यात पडतात. कुणी काही विचारलं की तो आधी पाय इस्त्रीवरून खाली घेतो, मान वर करतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघतो आणि मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून उत्तर देतो. आपण याला बहिरे वाटलो की काय, असं लोकांना वाटतं. जुनी गिऱ्हाइकं काही सांगत नाहीत. तीही आता बयूमीशी तशीच बोलतात, तोंडासमोर तोंड आणून, हलक्या आवाजात. आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत तो पाय पुन्हा इस्त्रीवर ठेवत नाही.